अल्हाजींच्या छपरावरचं लोटांगण

इसेयिन,
शुक्रवार, दुपारच्या नमाजानंतर

तीर्थरूप लामिदी मामांना,

भाचा वासिउ याचं छाती, पोट आणि गुडघे पूर्ण टेकवून, थेट कानोपर्यंत पोचेल असं लोटांगण. (ही नुसती पत्रातली रीत समजू नका. या आठवड्यात लोटांगण या एका विषयावर मी जेवढं चिंतन केलं, तेवढं पॉलिटेक्निकात विजेवर केलं असतं तर मास्तर आज माझ्याकडे शिकवणीला आले असते.)

मामी कशा आहेत? धाकट्याचा दात पडला का? कोलाच्या बियांना यंदा कानोच्या बाजारात गिऱ्हाईक कसं आहे? आणि मुख्य म्हणजे तुमची पाठ कशी आहे? ती सकाळी वाकते का, की दुपारपर्यंत वाट बघावी लागते? पाठीबद्दल मी मनापासून विचारतो आहे, ते उत्तरात विसरू नका. तुमचं इथलं घर उत्तम आहे. मागच्या खोलीत राहायची परवानगी आणि सगळ्या घराची किल्ली देताना तुम्ही सांगितलं होतं तसं अंगण झाडतो, शेजारच्या शेळ्या हाकलतो, नळ टपकू देत नाही. छपराबद्दल पुढे लिहितो.

मी बरा आहे. उजवी मांडी सोलवटली आहे, डाव्या पोटरीवर पत्र्याने लांबलचक रेघ ओढली आहे, धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं आहे, आणि मी मोरेनिकेशी लग्न करणार आहे. यातली कुठलीही गोष्ट दुसरीशिवाय घडली नसती, म्हणून सगळं ओळीने सांगतो. मध्येच पत्र फाडू नका.

मोरेनिके म्हणजे तुमच्या शेजारच्या अल्हाजी गनियूंची मुलगी. हो, तेच अल्हाजी गनियू. तुमच्या वास्तूच्या जेवणापासून तुमचं त्यांचं बोलणं नाही, आणि त्यांच्याशी गरजेपेक्षा जास्त बोलू नकोस असं तुम्ही मला बजावलं होतंत, ते मी अक्षरशः पाळलं. अल्हाजींशी बोललोच नाही. मुलीचा विषय त्या हुकमात नव्हता. शिवाय दोष माझा नाही, त्यांच्या जनरेटरचा आहे. तो आपल्याच भिंतीला टेकून ठेवला आहे, आणि तो चालू असताना माणसाला स्वतःचा विचारही ऐकू येत नाही. एके दिवशी त्यातलं पेट्रोल संपलं, एकदम शांतता झाली, आणि त्या शांततेत मी तिचा आवाज पहिल्यांदा ऐकला. ती तिच्या आईच्या मासळीच्या दुकानात गिऱ्हाइकाला सांगत होती, “डोळे माशाचे बघ, ताजा आहे की नाही कळेल. माझे बघून काय कळणार तुला?” ते गिऱ्हाईक मी नव्हतो. पण मला वाटलं, आयुष्यभर कुणी आपल्याला असं बोलत राहिलं तर माणूस सुधारेल. तेव्हापासून भूक नाही. (तुमच्या कोठीतले सुरण कमी दिसतील, ते उंदरांमुळे.)

तर त्यांच्या घरात तळमजल्यावर मासळीचे दोन मोठे फ्रीझर आहेत, आणि वीज आपल्याकडे येते ती पाहुण्यासारखी, दारातूनच निघते म्हणते. बाकी वेळ जनरेटर, आणि पेट्रोलचं तुम्हाला मी काय सांगू. मोरेनिकेची आई एकदा अबेनी मॅडमच्या दुकानात सोलर पॅनल बघायला आली. (तिथे मी कामाला आहे. पॉलिटेक्निक मी सोडलं, पॉलिटेक्निकने मला नाही, हे आईला पुन्हा सांगाल का? मास्तर चुकीचं शिकवत होते आणि मी ते वर्गात उभं राहून सांगितलं, एवढंच.) ती बाई म्हणाली, “पोरा, मासे वाट बघत नाहीत.” मी म्हटलं, मीही नाही. हे मनात म्हटलं. तोंडाने एवढंच विचारलं की घराला छप्पर आहे ना? आहे म्हणाली. मग झालं, म्हटलं मी, आणि पॅनल विकून टाकले, त्याच संध्याकाळी हातगाडीवर घालून त्यांच्या बोळात नेऊन उभेही केले. मला काय दिसत होतं? त्यांच्या घरी चांगले पंधरा दिवस काम, वर मी, खाली ती, मध्ये शिडी.

अबेनी मॅडमना कळल्यावर त्या काउंटरच्या पलीकडून अलीकडे आल्या, हे त्या सहसा करत नाहीत. म्हणाल्या, “लग्न ठरवण्याआधी आपल्यात काय करतात रे? चार माणसं पाठवून चौकशी करतात. घराण्यात वेड आहे का, चोरी आहे का, जुना आजार आहे का. छपराचं वेगळं असतं का? गंज आहे का, वाळवी आहे का, सावली कुणाची पडते. आधी चौकशी, मग सोयरीक. तू वरात आधी काढलीस. विकलेला माल माझ्या दुकानात परत येत नाही, तेव्हा आता जा, ते छप्पर बघ आणि मला खरं सांग.”

मी गेलो. पण खरं सांगायचं तर (मॅडमना नव्हे, तुम्हाला) छप्पर योग्य आहे हे मी निघण्यापूर्वीच ठरवलं होतं. उरलं होतं फक्त छपराने मान डोलावणं. अल्हाजी त्या वेळी घरमालक संघाच्या सभेला गेले होते. मोरेनिकेने शिडी धरली. तिने धरली म्हणजे पाय नुसता दाखवायला लावला आणि एका हाताने भुईमुगाच्या शेंगा खात राहिली, पण मला ती शिडी खडकात रोवल्यासारखी वाटली.

पहिली गोष्ट, उतार. ऊन आपल्या डोक्यावरूनच जातं, तरी दक्षिणेकडचा उतार थोडा बरा. त्यांच्या दक्षिणेला अगबालुमोचं ते जुनं झाड आहे, आणि त्याची सावली सकाळपासून अर्ध्या छपरावर लोळत असते. झाड तोडायचं तर नाव काढू नका. त्याच्याखाली खुर्ची टाकून अल्हाजी अख्ख्या गल्लीचे निवाडे करतात. म्हणजे तो उतार गेला. मी म्हटलं हरकत नाही, उत्तर ही पण दिशाच आहे. उत्तरेचा उतार आपल्या भिंतीकडचा. मग वरच्या मजल्यावर जाऊन छताची एक फळी सरकवली आणि आतल्या वाशाला स्क्रू-ड्रायव्हर लावला. नुसता लावला, मामा. तो उकडलेल्या सुरणात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला, आणि आतून वाळवीने केलेली पिवळी भुकटी माझ्या डोळ्यांत पडली. मी म्हटलं, “लाकूड मऊ आहे. बरं झालं, भोकं पाडायला कष्ट नाहीत.”

माझ्यामागून वर आलेली मोरेनिके शेंगा खायची थांबली. म्हणाली, “इंजिनेर, तू छपराची परीक्षा घेतोयस की त्याला कॉपी पुरवतोयस?”

या प्रश्नाला उत्तर नव्हतं, म्हणून मी तडक वर चढलो. (माझा स्वभाव तुम्ही जाणताच. उत्तर नसलं की मी चढतो किंवा निघून जातो. तिथून निघून जाणं मला शक्यच नव्हतं.) तो पत्रा अल्हाजींच्या वडिलांनी कोकोच्या चांगल्या दिवसांत बोटीने मागवला होता, हे इसेयिनमध्ये शेळ्यांनाही ठाऊक आहे. तेव्हा तो चांदीसारखा होता म्हणतात. आता कडक उकळलेल्या चहासारखा आहे, आणि काही ठिकाणी त्यातून खालचं दिसतं. मी खिळ्यांच्या रांगेवरून, म्हणजे खाली वासा असेल तिथून, एकेक पाऊल टाकत मधोमध पोचलो. पोचलो आणि उभा राहिलो. कमरेवर हात ठेवले. खाली बघितलं, ती बघते आहे का म्हणून.

खाली अल्हाजी गनियू उभे होते. सभा लवकर संपली होती. सोबत घरमालक संघाचे खजिनदार, आणि आणखी एक पांढऱ्या दाढीचे म्हातारबाबा, ते फारसे बोलत नाहीत. तिघेही मान वर करून माझ्याकडे बघत होते. अल्हाजींनी विचारलं, “माझ्या बापाच्या डोक्यावर कोण उभं आहे?”

मामा, तुम्हीच सांगा, आपल्या माणसाने अशा वेळी काय करावं? तीन वडीलधारे खाली, आणि मी वर, उभा, कमरेवर हात. उडी मारायला वेळ नाही, शिडी लांब. दुसऱ्या कुठल्या मुलखातला पोरगा असता तर हात हलवून ‘दुकानातून आलोय’ म्हणाला असता आणि आज त्याच्या दोन्ही मांड्या शाबूत असत्या. मला आईने वाढवलंय. डोकं चालायच्या आधी अंग चाललं, आणि मी होतो तिथेच, त्या पत्र्यावर, सपशेल आडवा झालो. कपाळ टेकवलं. म्हटलं, “सुखरूप परतलात ना, बाबा?”

पत्र्याने धरलं. मी शपथेवर सांगतो, कुरकुरलासुद्धा नाही. खालून खजिनदारांचा आवाज आला, “हे मात्र मी पहिल्यांदा पाहिलं.” आणि अल्हाजी काय खूश झाले म्हणून सांगू. “पाहिलंत?” ते दोघांना म्हणाले. “अख्खा जवान लोटांगण घालतोय आणि पत्रा हू की चू नाही. बापाने आणला तेव्हा लोक हसले होते. आणि वळण बघा पोराचं. हल्लीची पोरं दोन बोटं जमिनीकडे दाखवतात आणि झाला म्हणे नमस्कार. कुणाचा रे तू?” माझा चेहरा पत्र्यात होता, त्यामुळे त्यांनी ओळखलं नाही. आणि वडील माणूस ‘ऊठ’ म्हणेपर्यंत उठायचं नाही ही रीत, नि अल्हाजी तर हल्लीच्या पोरांवर बोलायला लागलेले. भर दुपार, खाली तापलेला पत्रा. मी तिथे केळ्याच्या कापासारखा एका बाजूने तळून निघालो. उलटायलाही परवानगी नव्हती.

शेवटी ते म्हणाले, “ऊठ, बाळा.”

आता इथे थोडी पॉलिटेक्निकची विद्या लागते (मी निघण्याआधी एवढं शिकवून झालं होतं). आडवा माणूस कपाळापासून अंगठ्यापर्यंत पसरलेला असतो, सगळ्या पत्र्याने थोडा थोडा भार घेतलेला असतो. उठताना तोच सगळा माणूस एका गुडघ्यात गोळा होतो. मी गोळा झालो. मग गुडघा गेला, दुसरा गुडघा त्याला बघायला गेला, छताची फळी गेली, आणि मी कमरेपर्यंत येऊन अडकलो. वर माझी छाती, डोकं आणि आभाळ. खाली अल्हाजींची बैठक, आणि तिच्या मधोमध माझे पाय.

पुढचं मी फक्त ऐकलं, कारण बघायला डोळे चुकीच्या बाजूला होते. जिन्यावर पावलं वाजली, सगळे बैठकीत आले. माझ्या पायातली एक चप्पल सुटली ती खजिनदारांच्या टोपीवर बसली हे त्यांच्याच बोलण्यावरून कळलं. मी पाय स्थिर ठेवले तर म्हणाले, “मोठी माणसं आत आली, आणि हा नुसता लोंबकळतोय.” म्हणून आदराने थोडे हलवले तर म्हणाले, “आता लाथा मारतोय.” मोरेनिकेची आई स्वयंपाकघरातून आली आणि म्हणाली, “हे आपल्या बैठकीत कुणाचे पाय?” त्यावर मोरेनिके म्हणाली, “दुकानाचे, आई. पॅनलबरोबर येतात.” तिचा आवाज हसू दाबल्यामुळे थरथरत होता. मी वर, कमरेपर्यंत पत्र्यात रुतलेला, पोटरीतून रक्त येतंय, आणि मला वाटलं, हिच्याशीच.

मला कसं काढलं ते लिहीत नाही, त्यात एक टेबल, दोन उशा आणि न बोलणारे म्हातारबाबा होते, आणि ते बोलले. महत्त्वाचं पुढेच आहे. मी बैठकीत उभा होतो, अंगातोंडावर गंजाची पावडर, त्यामुळे अजूनही ओळखू येत नव्हतो, आणि अल्हाजी मुळीच रागावले नव्हते. त्यांनी शांतपणे सगळं उलगडून सांगितलं. “तू पडलास ते उठता येत नाही म्हणून. आडवा होतास तोवर पत्र्याने धरलं, आम्ही तिघांनी पाहिलं. पॅनल काय उभे राहतात? तेही आडवेच असतात. मग छप्पर चांगलंच आहे. भोक बुजव आणि उद्यापासून कामाला लाग.”

मामा, माझ्यासमोर ताट वाढलेलं होतं. तिच्या बापाचा हुकूम, तिच्या आईचा होकार, पंधरा दिवस, शिडी. मला फक्त ‘बरं’ म्हणायचं होतं. आणि मी वर त्या भोकाकडे बघितलं. वाशाचं टोक तिथे लोंबत होतं, खाल्लेल्या कणसासारखं. तोच वासा सरळ पुढच्या खोलीवर जातो. त्या वाशावर मी पॅनल चढवणार, आणि पहिल्या वादळाला ते खाली येणार. मी म्हणालो, “छप्पर चालणार नाही, बाबा.”

“काय?”

“पत्रा संपलाय, लाकूड वाळवीने खाल्लंय. यावर पॅनल नाही चढणार. मी चढवणार नाही, आणि दुसऱ्या कुणाला चढवू देणार नाही.”

तेव्हा मात्र ते चढले. माझ्या बापाचं छप्पर, कालचं पोर, बैठकीची फळी कोण भरून देणार, सगळं झालं. माझंही डोकं तापलं (आधीच भाजलेलं होतं), आणि मी ओरडलो, “तुमच्या बापाचं असेल, पण त्या वाशाखाली मोरेनिके झोपते.”

आणि नेमकं तेव्हा जनरेटरचं पेट्रोल संपलं. इतकी शांतता मी इसेयिनमध्ये कधी ऐकली नव्हती. अल्हाजी अगदी हळू म्हणाले, “माझी मुलगी कुठे झोपते, हे तुला कसं ठाऊक?”

मोरेनिकेच बोलली. “बाबा, शेजारच्या घरात, माझ्या खिडकीच्या तोंडावर याची खोली आहे. दिवा विझव, मला झोप येत नाही, असं मीच याला रोज ओरडून सांगते. अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे, तुम्हाला जनरेटरमुळे ऐकू येत नाही.” मग म्हणाली, “आणि छपराबद्दल तो खरं बोलला. खोटं बोलला असता तर त्याचा फायदा होता.” हे वाक्य मी आता दिवसातून बऱ्याच वेळा मनात म्हणतो.

“शेजारच्या घरात?” अल्हाजी म्हणाले. “लामिदीच्या?”

“मी त्यांचा भाचा,” मी सांगितलं. यावर खजिनदारांनी टोपी काढून पुन्हा घातली. अल्हाजींनी उजव्या हाताची दोन बोटं जमिनीच्या दिशेने नेली आणि लगेच वर आणली. “हा,” ते म्हणाले, “हा तुझ्या मामाने मला केलेला नमस्कार. नव्या घराच्या दारात, शंभर माणसांसमोर, मी त्याच्यापेक्षा सात वर्षांनी मोठा. अरे, टोपी पडली तर ती उचलायलाही माणूस याहून जास्त वाकतो.” (मामा, त्या दिवशी तुमची पाठ धरली होती, हे मी लगेच सांगितलं. अंगातला घोळदार अगबादा नवा होता आणि कडक खळीचा होता, हे मी सांगितलं नाही. पण त्यांना ठाऊक होतं.) मग ते उठले आणि आत जाता जाता म्हणाले, “मुलीबद्दल बोलायचं असेल तर पोरं बोलत नाहीत, घरचं मोठं माणूस येतं. तुझं मोठं माणूस येऊ दे. बघू किती वाकतं ते.”

तर अशी हकिगत आहे. मांडीची जखम सुकते आहे, तुम्ही काळजी करू नका. मोरेनिकेची आई रोज माशाचं तिखट पेपे सूप पाठवते, ते मोरेनिकेच घेऊन येते आणि भांडं नेताना म्हणते, चाटून पुसून संपवतोस, लोकांना सांगतोस भूक नाही. पत्र लिहिण्याचं खास असं कारण नाही, फक्त खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. मामींना सांगा. उत्तराची घाई नाही.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
वासिउ

ता. क. उत्तराची घाई आहे. इलेयेच्या सणाला तुम्ही दरवर्षी येताच, यंदा आठ दिवस आधी या. मागणीचे सुरण, मध आणि मीठ मी इथे जमवतो, कोलाच्या बिया तुम्ही आणा, तुमच्याइतक्या चांगल्या कुणाकडे नाहीत. आणि मागणी घालताना मुलाकडचे सगळे पुरुष मुलीकडच्यांपुढे लोटांगण घालतात, ही आपली रीतच आहे, ती मी काढलेली नाही. तुम्ही आडवे झालात तर गल्ली म्हणेल, लामिदी भाच्याच्या लग्नासाठी आडवा झाला, किती मोठं मन. अल्हाजी मनात म्हणतील, त्या दिवसाचं देणं फिटलं. एकच लोटांगण, दोघांचाही मान राहतो. मी यावर सगळ्या बाजूंनी विचार केला आहे आणि दुसरा मार्ग नाही. तुम्ही आला नाहीत तर मी स्वतः कानोला येईन आणि तुमच्या दुकानाच्या दारात आडवा पडेन, आणि तुम्ही ‘ऊठ’ म्हणालात तरी उठणार नाही.

ता. क. २. खळीचा अगबादा आणू नका. मऊ, जुना आणा.

ता. क. ३. छपराबद्दल पुढे लिहितो म्हणालो होतो, ते राहिलंच. आपल्या घराचं छप्पर मी तपासलं. लांब पन्हाळीचा जाड ॲल्युमिनियमचा पत्रा, खाली औषध मारलेलं लाकूड, स्क्रू-ड्रायव्हरचं टोकसुद्धा रुतत नाही. दक्षिणेचा अख्खा उतार मोकळा, एका पानाचीही सावली नाही, आणि तो नेमका अल्हाजींच्या भिंतीकडे झुकलेला (ज्यावरून पावसाचं पाणी त्यांच्या अंगणात पडतं म्हणून दुसरं भांडण आहे, तोच). तिथून त्यांच्या फ्रीझरपर्यंत वायर अगदी थोडी लागते. अबेनी मॅडमनी स्वतः वर चढून बघितलं आणि म्हणाल्या, अशी सोयरीक नशिबाने जुळते. तुमचं मत काय ते सावकाश कळवा, कारण पॅनल काल बसवले.

ता. क. ४. अल्हाजींना मी सांगितलं की ही कल्पना तुमची आहे, तुम्ही कानोहून फोन करून म्हणालात की शेजाऱ्याचे मासे सडतात आणि माझ्या छपरावर ऊन फुकट जातं. ते काल थंडगार पाण्याचा ग्लास हातात घेऊन बराच वेळ आपल्या छपराकडे बघत होते. जनरेटर बंद होता, त्यामुळे ते स्वतःशीच काय म्हणाले ते ऐकू आलं. म्हणाले, “लामिदी असं म्हणाला?” आज सकाळी त्यांनी मोरेनिकेच्या हाती निरोप धाडला आहे की लामिदीची पाठ दुखते तर त्याला जमिनीपर्यंत जाऊ देणार नाही, अर्ध्यावरच हात धरून उचलीन. तेव्हा मामा, एकच विनंती. त्यांचा हात कधी येतो म्हणून अर्ध्यावर थांबून बघू नका, मागचं सगळं तिथेच बिघडलं होतं. हात लागेपर्यंत खाली जात राहा.